एकांनी उभारलेला डोंगर

हस्ताचा पाऊस उघडला की लोहाऱ्याच्या शिवारात आभाळ मोठे होते. सोयाबीनची काढणी उरकत आलेली असते, तूर फुलायच्या तयारीत असते आणि मोकळी झालेली काळी जमीन शाळूच्या बियाण्यासाठी उघडी पडलेली असते. तुळजापूर आणि उमरगा यांच्या मधला हा बालाघाटच्या पठाराचा तुकडा. पलीकडे तेरणा, माकणीच्या धरणाचे पाणी आणि त्यावर उतरणारे बगळे. बांधावर बाभळी, मध्येच एखादी जुनी चिंच. डोक्यावर चंडोल, ढेकळातून सुटून सरळ वर चढणारा आणि चढता चढता गाणारा. नजर अडवील असा डोंगर मात्र या सपाटीवर नाही.

ज्या डोंगराविषयी मला लिहायचे आहे, तो इथूनही तितकाच स्वच्छ दिसतो. नकाशात त्याला जागा नाही. तो कागदाच्या एका ओळीत मावतो :

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून एकेक अंक चढत जावा, मधोमध नऊचे शिखर लागावे आणि तितक्याच पावलांनी पलीकडे उतरावे. उलट वाचली तरी ही संख्या तीच राहते. कुणी कारागिराने बसून ती घडवली असेल असे वाटते, पण ती कुणी घडवलेली नाही. नऊ एक शेजारीशेजारी मांडायचे, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणायचे. गुणाकारात आपण फक्त एक हा अंक घातलेला असतो. उत्तरात एकपासून नऊपर्यंतचे सगळे अंक आपापल्या जागी येऊन उभे राहतात.

चंडोलाचे उडणे, बाभळीची फुले, काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा यांना आपण निसर्ग म्हणतो. मी या संख्येलाही निसर्गच म्हणतो. ती पाहताना जे मनात येते ते पाऊस पाहताना येणाऱ्या भावनेच्या फार जवळचे आहे. आपण काही केलेले नाही, आणि तरी आपल्याला काही मिळाले आहे, असे वाटत राहते.

या डोंगराची उंची आधी नीट पाहिली पाहिजे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त दहाच्या पटीत वाढणाऱ्या स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. ती नामावळी हातात धरून आपल्या संख्येवर चढत गेलो, तर शिखराचा नऊ अर्बुदाच्या घरात सापडतो आणि डावीकडचा शेवटचा एक मध्याच्या घरात. त्याच्यापुढे परार्ध एवढे एकच नाव उरते.

दर सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत गेले, तर इथवर पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. लोहाऱ्याच्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला, त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली. म्हणजे आज संपणारी ही मोजणी ज्या दिवशी सुरू व्हायला हवी होती, त्या दिवशी दख्खनचे पठार नव्हते, फुले नव्हती, पक्षी नव्हते. पृथ्वीवर पहिल्या झाडांची वने नुकती उभी राहू लागली होती. तेवढेच मीटर अंतर घेतले, तर ते कापायला प्रकाशाला सव्वा वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल, आणि तरीही सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा दोन तृतीयांशाहून जास्त वाट बाकी ठेवून दूरच राहील. तेवढे दाणे घ्यावेत म्हटले, तर मालदांडी ज्वारीचे हजार दाणे साधारण ३३ ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने ही रास सुमारे ४० कोटी टनांची होईल. सगळ्या जगाची ज्वारी सहा-सात वर्षे एकाच खळ्यावर आणून ओतावी, तेव्हा कुठे ती पुरी पडेल. इतकी अफाट गोष्ट, आणि ती डोळ्यांनी एका श्वासात वाचून होते. एवढे मोठे काही इतक्या कमी जागेत राहू शकते, याचेच मला पहिले नवल वाटते.

दुसरे नवल तिच्या घडणीचे. हा चढ-उतार येतो कुठून? तिफणीने शाळू पेरणारा शेतकरी एका फेरीला तीन तास पाडतो, तीन फेऱ्यांत नऊ. अशा नऊ तासांत प्रत्येकी नऊच दाणे टोकले आहेत, आणि प्रत्येक पुढचा तास आधीच्यापेक्षा एक पाऊल डावीकडे सरकून सुरू झाला आहे, असे समजावे. आता बांधावर उभे राहून तासांना आडवे बघावे. अगदी उजवीकडच्या रेषेत एकच दाणा येतो. तिच्या शेजारच्या रेषेत दोन, मग तीन. मध्यावर एकच रेषा अशी असते की तिथे नऊच्या नऊ तास आपापला एक दाणा घेऊन हजर असतात. तिथून पुढे उजवीकडचे तास एकेक करून संपू लागतात आणि मोजणी आठ, सात, सहा करत एकावर येऊन थांबते. शाळेत शिकलेला उभा गुणाकार हाच आहे. प्रत्येक ओळ एक घर सरकवून लिहायची आणि रकाने मिळवायचे. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि डोंगराची एकही कड ढळत नाही.

सगळे मिळून किती दाणे पेरले? नऊ तास, नऊ दाणे, एक्याऐंशी. आणि या संख्येतल्या सतरा अंकांची बेरीजही एक्याऐंशीच येते. यायलाच हवी, कारण प्रत्येक अंक म्हणजे त्या रेषेतल्या दाण्यांची मोजणी आणि एकही दाणा हरवलेला नाही. पुढे आणखी एक दार उघडते. या एक्याऐंशीने संपूर्ण संख्येला भागले, तर बाकी शून्य उरते आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव देणारा माणूस आपल्याच मातीतला होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. विद्यापीठातली जागा नाही, प्रयोगशाळा नाही, पुढच्या पदव्या नाहीत. होत्या त्या वह्या आणि आकडे. एकांच्या वर्गातून उठणारे हे डोंगरही त्यांनी मनापासून हिंडून पाहिले आणि त्यांच्या मोठ्या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हटले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर त्यांना या अभ्यासाची कल्पना सुचली होती. गाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या एका तरुणाला बाहेरच्या गर्दीइतकेच आतले आकडेही जिवंत दिसत होते, हे मनाशी आणले की मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पक्ष्यांमागे रानोमाळ जाणाऱ्या निरीक्षकाची सगळी लक्षणे त्यांच्यात होती. वाट पाहणे, नोंद ठेवणे, दिसले त्याला प्रेमाने नाव देणे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार करता येत नाही, तिला ते स्वयंभू म्हणत. वीस ही अशी संख्या, एकतीस अशी, बेचाळीस अशी. तुळजाभवानीच्या मूर्तीला स्वयंभू मानणाऱ्या आमच्या या जिल्ह्यात त्या शब्दाचे वजन कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता डोंगराच्या आत जाऊ. मूळ संख्या म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, अशा संख्या. प्रत्येक मोठी संख्या त्यांच्याच गुणाकाराने, आणि एकाच रीतीने, बनलेली असते. आपल्या डोंगराच्या तळाशी अशा तीनच मूळ संख्या आहेत : ३, ३७ आणि ३३३६६७. सदतीसची तिप्पट १११. तिसरीची, म्हणजे ३३३६६७ ची, तिप्पट १००१००१. या दोन उत्तरांचा गुणाकार केला की आपले नऊ एक समोर येतात. तेच स्वतःशी गुणल्यावर तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा अशी घडण होते. पायात एवढेच दगड, पण त्यांच्या जुळण्यातून या संख्येला नेमके पंचेचाळीस विभाजक मिळतात. त्यांतले चव्वेचाळीस जोडीजोडीने उभे आहेत, जोडीतल्या दोघांचा गुणाकार पूर्ण डोंगर देतो. पंचेचाळिसावा एकटा, मधोमध, स्वतःचाच जोडीदार. तो म्हणजे ते नऊ एक. वरून दिसणारा समतोल चढ-उतार आणि आतली ही समतोल मांडणी एकमेकांना न विचारता सारखीच आहेत.

याच खडकात १२३४५६७९ ही आणखी एक सुंदर संख्या दडलेली आहे. नऊ एकांना नवाने भागले की ती मिळते. नीट वाचली तर तिच्यात आठ नाही. सातवरून ती थेट नऊवर उडी घेते. हा आठ कुठे गेला? त्याचा माग काढायला डोंगराला आणखी एक एक देऊन पाहावा लागतो. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रेषेत दहा दाणे येतात. दहा एका घरात मावत नाही, म्हणून तिथे शून्य राहते आणि हातचा एक डावीकडे सरकतो. तिथल्या नऊला तो मिळाला की त्याचेही दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो जाऊन आठला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखराच्या जागी दरी, आणि चढणीवरचा आठ नाहीसा. हरवलेल्या आठाचे कारण हेच : ओसंडून आलेला एक त्याने आपल्यात सामावून घेतला.

मग असा प्रश्न पडतो की हे सौंदर्य खरे किती आणि आपल्या लिहिण्याच्या रीतीतून आलेले किती? आपण दहाच्या गटांनी मोजतो, बहुधा आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून. अंकांशी खेळण्याला काही गणिती किरकोळ मानत आले, त्यामागे हीच शंका होती. मी ती टाळून पुढे जाणार नाही, कारण तिचे उत्तर शंकेपेक्षा सुंदर आहे. आठांच्या गटाने मोजणाऱ्यांनी सात एकांचा वर्ग केला, तर त्यांच्या लिहिण्यात १२३४५६७६५४३२१ असा डोंगर उठेल. बारांच्या गटाने मोजणाऱ्यांना अकरा एकांपर्यंत चढता येईल. तासांचे ते आडवे मोजणे, एकेकाने भरत जाणे आणि एकेकाने ओसरणे, प्रत्येक पद्धतीत जसेच्या तसे घडते. शिखर किती उंच जाईल हे आपली बोटे ठरवतात. डोंगर उठणार, हे त्यांच्या हाती नाही. आणि तळाचे ३, ३७, ३३३६६७ हे दगड तर कोणत्याही लिपीत, कोणत्याही मोजणीत तेच राहतात. चंद्रावरून पाहिले तरी तेच, माणूस नसता तरीही तेच.

हे शेवटचे वाक्य लोहाऱ्यात लिहिताना माझा हात थोडा जड होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि तेरणेकाठची कितीतरी गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जमीन हलत नाही, या एका गोष्टीवर शेतकऱ्याचे सगळे आयुष्य उभे असते. ती गोष्टही पक्की नव्हती, हे या भागाने ज्या रीतीने जाणले, त्यावर वरून कुणी काही सांगू नये. गावे नव्या जागी वसली. जुन्या जागांवर बाभळी वाढल्या.

त्या वर्षाचा आकडा इथे अजून घशात अडकतो. कापरेकरांनी शोधलेली एक रीत आहे. कोणतेही चार अंक घ्या, सगळे एकसारखे नसले म्हणजे झाले. मोठ्याकडून लहानाकडे मांडून जी संख्या येते, तिच्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेली वजा करा. उत्तराशी पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे जाहीर केले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. १९९३ घ्या. ९९३१ मधून १३९९ गेले, उरले ८५३२. त्यातून २३५८ गेले, उरले ६१७४. दोन पावले. दुसऱ्या कोणत्याही सालाइतकेच शांतपणे हेही साल त्या घरी पोचते. यातून दुःखाचा काही अर्थ काढायचा नाही, आकड्यांत शकुन-अपशकुन शोधायचा तर मुळीच नाही. संख्येला शुभ-अशुभ ठाऊक नसते, एवढेच यातून मला कळते. ती आपल्यावर कोपत नाही आणि आपल्यासाठी वाकतही नाही. जिथे सगळे हलले, तिथल्या माणसाला न हलणारे काही आहे, हे नुसते माहीत असणेही मोलाचे वाटते.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागात येळवस होते. सगळे गाव रानात जाते. कडब्याची कोप उभी राहते, आंबील आणि भज्जी कोपीत येते, आणि पाच दगडांना चुना लावून, पांडव मानून त्यांची पूजा होते. एखादा दगड नांगरात निघून गेला, तर त्याच्या जागी बांधावरचा दुसरा येतो. पूजेत खंड पडत नाही, कारण दगड बदलला तरी पाच पाचच राहतात. काळ्या आईपुढे टेकलेले ते डोके नकळत त्या न बदलणाऱ्या पाचापुढेही टेकते. खळ्यावर रास मापतानाही पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत आहे. मोजणे हे या मातीत कधीच कोरडे काम नव्हते. त्याची सुरुवातच कृतज्ञतेने होत आली.

मला म्हणायचे आहे ते एवढेच : संख्या हा निसर्गाचा सर्वांत आतला, सर्वांत जुना थर आहे, आणि तो पाहायला कुठे जावे लागत नाही. माकणीच्या पाण्यावरचे बगळे पाहायला थंडीची वाट पाहावी लागत नाही, तशी या डोंगराला ऋतूचीही अट नाही. पाटीवर पेन्सिलीने नऊ एक लिहिणारे पोर त्याच्या पायथ्याशी पोचलेले असते. या डोंगराशी प्रेमाने वागावे, घाई करू नये, उत्तर यंत्राकडून घेण्याआधी एकदा तरी हाताने रकाने मिळवत वर चढावे. हातचा न येता नऊ येतो, तो क्षण ज्याने स्वतः अनुभवला, त्याला निसर्ग आपल्याशी प्रामाणिक आहे याची खूण पटलेली असते.

आणि या डोंगरापलीकडे रान अफाट आहे. नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांतही काही मूळ आहेत. अकरा तशी आहे. त्यानंतर थेट एकोणीस एकांची संख्या, मग तेवीस एकांची, मग ३१७ एकांची. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि कापरेकर गेले तेही त्याच वर्षी. अशा संख्या पुढे कुठेतरी संपतात की कधीच संपत नाहीत, हे आजवर जगात कुणालाही सिद्ध करता आलेले नाही. तरी उत्तर मात्र ठरलेले आहे. ते पहिल्या वनांच्या वेळीही ठरलेले होते, लाव्हा वाहत होता तेव्हाही होते, आणि आपण ते शोधले नाही तरी त्याच्यात कणभर फरक पडणार नाही. ज्याला आपली गरज नाही आणि तरीही जे आपल्याला पाहू देते, त्याच्याशी वागायची एकच रीत मला माहीत आहे : आदराने पाहावे, खरे तेवढेच लिहून ठेवावे आणि पुढच्या चढणीला लागावे.